खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या माणसाचं खुर्चीविरुद्ध म्हणणं

माझा धंदा मंडपाचा. साताऱ्यात गोडाऊन आहे, एक छोटा हत्ती आहे आणि साडेआठशे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यातल्या चाळीसेक पाय मोडून पडल्यात त्या सोडा. वडलांच्या वेळी पण हाच धंदा, पण माल वेगळा होता. सतरंज्या, जाजमं, गाद्या, तक्के, आणि खुर्च्या मोजून पन्नास, त्या पण लोखंडी, पुढारी आणि व्याही मंडळींसाठी. आता ऑर्डर घेताना वहीत आधी खुर्च्यांचा आकडा पडतो, आणि मी "भारतीय बैठक किती?" विचारलं की समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, टाका स्टेजपुढं दोन सतरंज्या, पोरं बसतील.

म्हणजे खुर्चीवरच माझं घर चालतंय हे आधीच कबूल करून टाकतो, नंतर कोणी काढायला नको. तरी माझं म्हणणं असं आहे की आरोग्य म्हणून आपण वजन, शुगर, बीपी आणि हल्ली मोबाईलमधली पावलं एवढंच मोजत बसलोय, आणि माणूस जमिनीवर बसून कशाचा आधार न घेता उठतोय का, हात मागं नेऊन स्वतःची पाठ चोळू शकतोय का, मान वळवून गाडी रिव्हर्स घेऊ शकतोय का, हे कोणीच बघत नाही. म्हातारपणी दुसऱ्याच्या हातात जायचं का नाही हे बरंचसं ह्याच्यावर ठरतं. हे सरकारी दवाखान्यात तपासलं पाहिजे, शाळेत शिकवलं पाहिजे, आणि बागेतल्या लोखंडी ओपन जिमवर पैसे जातात त्याच्या आधी ह्याच्यावर गेले पाहिजेत.

हे डोक्यात कुठं शिरलं ते सांगतो. मागच्या वर्षी कोरेगावच्या बाजूला एका गावात सप्ताहाचं काम होतं, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग महाप्रसाद. पंगत जमिनीवरच, गावातल्या जुन्या माणसांनी हट्टानं ठेवलेली. मी पहाटेपासून उभा होतो, म्हणलं बसावं दोन घास खायला. आमटी, भात, बुंदी, सगळं झकास. उठायची वेळ आली तेव्हा उजवा पाय मुंग्या येऊन बधिर झालेला आणि डावा गुडघा काही केल्या सरळ होईना, मग एक हात ताडपत्रीवर, दुसरा शेजारच्या अनोळखी पाव्हण्याच्या खांद्यावर, आणि तोंडातनं आई गं. माझ्या पलीकडं आमचे तात्या होते, वय ६७, वडलांच्या वेळेपासून खांब रोवायला आहेत, ते एका हातात पत्रावळ आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन उठले, पाणी पण हिंदकळलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "मालक, सांध्याला ग्रीस मारा."

मी ४९ चा. आणि गंमत म्हणजे त्याच्या चार-पाच महिने आधी मी यवतेश्वर घाटातनं हाफ मॅरेथॉन पळालो होतो, २१ किलोमीटर, चढ आणि उतार. साताऱ्यात २०१२ पासून ही हिल मॅरेथॉन होते आणि आता पळणं हा गावाचाच नाद झालाय, पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला बघा, अर्धा सातारा तिथंच असतो. चांगलंच आहे ते, माझं बीपी त्यानंच ताळ्यावर आलंय. पण पळून माझं हृदय तयार झालं, छाती तयार झाली, आणि कंबरेचे सांधे आणि घोटे होते तिथंच गंजत राहिले. मेडल घरात खिळ्याला टांगलंय आणि मी पंगतीतनं उठायला पाव्हण्याचा खांदा धरतोय, हे काय मला झेपलं नाही.

मग जरा वाचलं, फिजिओथेरपी करणाऱ्या एका ओळखीतल्या मुलीला विचारलं, तेव्हा हिशोब कळला. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा वाकतो साधारण ६० अंशात. खुर्चीवर बसलं की ९०. आणि मांडी घालायची किंवा उकिडवं बसायचं तर तोच गुडघा १३० च्या पुढं वाकावा लागतो, खुब्यातनं मांडी बाहेर फिरावी लागते, घोटा पुढं झुकावा लागतो. म्हणजे जो माणूस दिवसभर खुर्ची, गाडी, सोफा, कमोड एवढंच करतो आणि संध्याकाळी इमानदारीत पाच किलोमीटर चालून येतो, तो सांध्याचा अर्धाच रस्ता वापरतोय. उरलेल्या अर्ध्या रस्त्यावर गवत उगवतं. ह्यात वयाचा दोष किती आणि न वापरल्याचा किती हे विचारायला पाहिजे, आपण सगळं वयावर ढकलून मोकळे होतो.

सांध्यात हाडांच्या टोकांना जी कूर्चा असते तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं खाणंपिणं येतं सांध्यातल्या चिकट पाण्यातनं, आणि ते पाणी आत-बाहेर होतं ते दाब पडला आणि सुटला तरच, स्पंज दाबून सोडतो तसं. सांधा हलला नाही की कूर्चेला नीट जेवण नाही. तात्या ग्रीस म्हणाले ते फार काही चुकीचं नव्हतं, फक्त ग्रीस बाहेरनं मारायचं नसतंय, आतलंच हलवायचं असतंय. शुगर असलेल्यांचं अजून एक दुखणं आहे, त्यांचा खांदा धरतो, फ्रोझन शोल्डर म्हणतात ते, बाकीच्यांपेक्षा त्यांच्यात जास्त, कारण रक्तातली साखर शरीरातल्या जोडणाऱ्या तंतूंना चिकटून ते कडक करते असं मानतात. आयसीएमआर, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०२३ च्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींच्या वर निघाले, म्हणजे किती खांद्यांचा प्रश्न आहे तुम्हीच बघा. सदरा घालताना हात बाहीत जात नाही म्हणून बायकोला हाक मारणारे मी चार जण तरी ओळखतो.

इथं दोन शब्दांची गल्लत होते ती पण सांगून टाकतो. तुम्ही पाठीवर पडलाय आणि दुसऱ्यानं तुमचा पाय धरून वर नेला, तो जिथवर गेला ती लवचिकता. तोच पाय तुम्ही स्वतःच्या ताकदीनं तिथवर नेला आणि धरून ठेवला तर ती मोबिलिटी. नुसती लवचिकता असून ताकद नसली तर सांधा ढिला, आणि ताकद आहे पण सांधा वळत नाही अशी जिममधली पोरं तर ढिगानं आहेत, छाती ४४ इंच आणि बुटाची लेस बांधायला पाय खुर्चीवर ठेवावा लागतो. तात्यांकडं दोन्ही आहे. त्यांनी कधी स्ट्रेचिंग हा शब्द ऐकला नसेल.

ब्राझीलमध्ये क्लॉडिओ गिल अराऊजो नावाचे डॉक्टर आहेत, त्यांची एक साधी परीक्षा आहे, आणि मला ती फार आवडली कारण तिला मशीन लागत नाही. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसायला ५ मार्क, उठायला ५. हात टेकला, गुडघा टेकला, मांडीवर हात दाबला, की दर टेकूला एक मार्क कमी, आणि तोल डगमगला तर अर्धा कमी. त्यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांची अशी परीक्षा घेतली आणि सरासरी सहा-साडेसहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, २०१२ साली ते छापून आलं. ज्यांना ३ किंवा त्याहून कमी मार्क होते त्यांच्यात मरण पावण्याचं प्रमाण ८ किंवा त्याहून जास्तवाल्यांपेक्षा पाच-सहा पट निघालं. त्याच मंडळींनी २०२४ मध्ये आणखी एक अभ्यास छापला, ४६ ते ६५ वयाचे ३१३९ लोक, सात सांध्यांच्या २० हालचाली तपासल्या, जवळजवळ १३ वर्षं पाठपुरावा, आणि तिथं पण ज्यांचे सांधे कमी वळतात ते कमी जगले असंच दिसलं.

आता लगेच कोणी हे फॅमिली ग्रुपवर टाकू नका की मांडी घाला आणि मरण टाळा. आखडलेला माणूस लवकर गेला म्हणजे आखडण्यानंच गेला असं होत नाही, तो आधीच आजारी असेल म्हणून आखडला असेल, ती परीक्षा ताकद, तोल, वजन, सांधे सगळं एकदम मोजते म्हणून आकडा एवढा मोठा येतो. पण उलट मला तर तेच तिचं मोठेपण वाटतंय, एका मिनिटात, सतरंजीवर, फुकटात माणसाचं सगळं शरीर कळतं, निदान कुठं पाणी मुरतंय ते तरी कळतं. आणि जगण्याची वर्षं सोडा हो. बाथरूममध्ये पडलेला माणूस स्वतः उठू शकतो का दार तोडायला शेजाऱ्यांना बोलवावं लागतं, हा फरक काय कमी आहे का?

मी आमच्या गोडाऊनमध्येच परीक्षा घेतली, सतरंजी टाकून. माझे ६ आले, बसताना एक हात टेकला, उठताना हात, गुडघा आणि मग मांडीवर हात. तात्यांना साडेनऊ, अर्धा गेला तो डगमगल्याचा, ते पण मधेच बिडी पेटवायला गेले म्हणून. पण खरा धक्का पोरांचा. पाच पोरं आहेत, १९ ते २४ मधली, एकेक जण दहा-दहा खुर्च्यांची थप्पी उचलून टेम्पोत टाकतात. त्यांना म्हणलं उकिडवं बसा, टाचा टेकवून. दोघं बसले. एकाच्या टाचा वरच, एक मागं उलथा पडला आणि सगळे हसले, आणि एकानं खांब धरून "असं चालंल का?" विचारलं. ही खेड्यातली पोरं आहेत, फ्लॅटमधली नव्हेत. मंडपाच्या खुंट्या ठोकायच्या असल्या की ही पोरं कंबरेत वाकून घण मारतात, आणि तात्या खाली बसून मारतात, आणि संध्याकाळी कंबर धरून कोण बसतं ते वेगळं सांगायला नको.

आता जी दुसरी बाजू आहे ती पण मोठी आहे, तिच्याकडं डोळेझाक केली तर मी नुसता जुन्याचं गाणं गाणारा म्हातारा ठरीन. आमच्या चुलतीनं चाळीस वर्षं भांगलण केली, म्हणजे खुरप्यानं तण काढलं. ऊसात, सोयाबीनात, हळदीत, उकिडवं बसून सरकत सरकत, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. जमिनीशी तिच्याइतकं नातं कुणाचं असणार? तिचे दोन्ही गुडघे आज कामातनं गेलेत. चीनमध्ये बीजिंगच्या म्हाताऱ्यांवर झालेल्या अभ्यासात पण तेच आलंय, तरुणपणी रोज तासन् तास उकिडवं बसणाऱ्यांना पुढं गुडघ्याची झीज जास्त. मग जमिनीवर बसणं चांगलं का वाईट? मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. चुलतीला दिवसभर एकच आसन होतं आणि ते तिनं निवडलेलं नव्हतं, मालकानं हजेरीवर दिलेलं होतं. माझ्या मेव्हण्याला दिवसभर एकच आसन आहे, सांगलीत विश्रामबागला ऑफिसात, खुर्चीत. दोघांचेही सांधे एकाच जागी अडकले. सांध्याला पाहिजे असतो बदल, वर, खाली, मांडी, उकिडवं, उभं, एक पाय दुमडून, एक पसरून. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत गेलात तर बघा, कारागीर खाली बसूनच काम करतात, भोपळा मांडीत घेतात, मग एक गुडघा उभा करून दांडी धरतात, मग उठून पॉलिशकडं जातात, परत बसतात. काम बसून आहे, पण थिजून नाही.

आणि घरातल्या बायकांचं म्हणाल तर ओटा आला तेव्हा माझी आई सुटली. चुलीपुढं बसून फुंकणं, पाट्यावर वाटणं, खाली बसून भांडी, पुरुषांची पंगत उठल्यावर वाकून उष्टी काढणं, ह्या सगळ्याला "पूर्वी बायकांचा व्यायाम व्हायचा" म्हणणारे पुरुष मला दिसले की मी त्यांना आमच्याकडं एक दिवस सतरंज्या उचलायला बोलवतो. ओटा राहू दे, खुर्ची पण राहू दे. गुडघा बदललेल्यांनी, सांधा खरंच झिजलेल्यांनी डॉक्टर सांगतील तेच करावं, माझं ऐकून मांडी घालायला जाऊ नये. पण डॉक्टर लोकांबद्दल एक तक्रार आहेच. ४२ वर्षाच्या माणसाचा गुडघा दुखला की एका दमात सांगतात, जिना नको, मांडी नको, खाली बसणं नको, आणि गोळ्या. कधीपर्यंत नको? पंधरा दिवस का जन्मभर? ते कागदावर नसतंय. तो माणूस मग जन्मभराचं धरून चालतो, आणि पाच वर्षांनी मांडी घालता येत नाही ती आजारानं का सल्ल्यानं हे त्याचं त्यालाच कळत नाही. मला पण एका दवाखान्यात हेच सांगितलेलं, एक्स-रे साफ असून.

आपल्याच भागाचा इतिहास बघितला तर जास्त वाईट वाटतं. खटाव तालुक्यातलं औंध, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी, यमाईचा डोंगर आणि म्युझियम बघायला लोक जातात ते औंध. हा माणूस आधी सँडोच्या पद्धतीनं, म्हणजे त्या काळातल्या विलायती जिमच्या पद्धतीनं शरीर कमवत होता, उपकरणं वगैरे आणून. नंतर ते सोडून सूर्यनमस्काराकडं आला आणि आयुष्यभर तेच धरलं. आणि नुसतं स्वतः केलं नाही, संस्थानातल्या शाळांत मुलं-मुली दोघांनाही ते घालायला लावले, स्वतः पुस्तकं लिहिली, प्रचार केला, इंग्लंडपर्यंत त्याची चर्चा गेली. औंध संस्थानाचे तुकडे आजच्या सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत होते, आटपाडी त्यांचं, किर्लोस्करवाडीची जागा त्यांनीच दिलेली. सूर्यनमस्कारातल्या धार्मिक भागाचं तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या, मी त्याच्यात पडत नाही, पण एका नमस्कारात मणका पुढं वाकतो, मागं वाकतो, खुबा उघडतो, घोटा वाकतो, खांदा डोक्यावर जातो, आणि हे सगळं दीड मीटर सतरंजीवर. शंभर वर्षांपूर्वी एका लहानशा संस्थानानं सार्वजनिक आरोग्याचा कार्यक्रम म्हणून हे शाळेत आणलं, आणि आज आपण ते २१ जूनला फोटोपुरतं करतो.

कुस्तीचं पण तसंच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, हे इथल्या पोरांना पाठ असतं. पण ते बँटमवेटचे होते, ५७ किलोच्या आतले, त्यांचं नाव होतं ते चपळाईसाठी. तालमीत जोर मारताना पाठीचा साप होतो आणि बैठका मारताना गुडघा पूर्ण खाली जातो, मानेवर पूल करतात, लाल मातीत लोळतात, उठतात, पडायचं कसं हे पण शिकतात. पडता येणं ही केवढी मोठी विद्या आहे हे साठीनंतर कळतं. आता कितीतरी तालमींत मातीच्या हौद्याशेजारी मशीन आलीत, आणि पोरं मशीनवर बसून, परत बसूनच, दंड फुगवतात.

तर पैशाचं बोलू. आमच्या उपनगरातल्या बागेत ओपन जिम बसवलंय, पिवळं-निळं, वर नाव मोठ्या अक्षरात, कुणाच्या फंडातनं ते. दोन यंत्रांचे बेअरिंग गेलेत आणि एकावर कायम कुणाची तरी ओली टॉवेलं वाळत असतात. चालू आहेत त्यांच्यावर पण काय होतं, उभं राहून पाय पुढं-मागं हलवायचे. कुणी शिकवायला नाही, कुणाचा खांदा किती वर जातो हे बघायला नाही. त्या बागेत खरंतर मला पाहिजे होती ती एक सपाट, स्वच्छ, झाडाखालची फरशी, बसायला-उठायला-लोळायला, बायकांना संकोच वाटणार नाही अशा आडोशाची. ती नाही. कारण फरशीवर नाव काय टाकणार?

लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकाच्या एका मासिकात २०२४ ला आलेला आकडा असा की २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ ४९ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, २००० साली हेच २२ टक्के होते. बायकांमध्ये ५७, पुरुषांत ४२. भांगलणीवाल्या चुलत्यांच्या ह्या देशात हे कसं झालं म्हणाल तर असंच झालं, एकीकडं शरीर मोडेपर्यंत काम आणि दुसरीकडं काहीच नाही, आणि मधली जागा रिकामी. जागतिक आरोग्य संघटना सांगते आठवड्याला किमान १५० मिनिटं अंगमेहनत, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि ६५ च्या पुढच्यांनी तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारे प्रकार. तोल आणि ताकद हे चालण्यातनं आपोआप येत नाही, ते वेगळं करावं लागतं, हा मुद्दा आपल्याकडच्या "रोज चाला" मोहिमेत कुठं हरवतो कोण जाणे.

माझ्या मागण्या फार नाहीत. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी, शुगर सरकारी केंद्रात तपासतात, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, त्यात एक ओळ वाढवा, खाली बसून उठता येतं का, किती टेकू लागतात. एक सतरंजी लागते, हवी तर मी देतो. ज्याचे मार्क कमी त्याला धमकवायचं नाही, त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट भेटला पाहिजे, महिन्यातनं एकदा येणारा नव्हे, कायमचा, जो सांगेल की तुझा घोटा अडकलाय, गुडघ्याला उगाच शिव्या देऊ नको. आणि शाळेतला पीटीचा तास गणिताच्या सरांकडनं परत घ्या. माझ्या पोराच्या शाळेत दहावीच्या वर्षी पीटी फक्त वेळापत्रकात होता. मुलांना मल्लखांब नाही जमणार सगळ्यांना, पण कोलांटी, उकिडवं चालणं, पडून उठणं, हे दहा मिनिटांत होतं.

कोणी म्हणेल, आधी दवाखान्यात सापाचं औषध ठेवा मग हे चोचले. त्या माणसाशी मी भांडणार नाही. पण खुब्याचं हाड मोडलेला म्हातारा घरात पडून राहिला की त्या घरातली एक बाई कामावरनं कमी होते, सून किंवा लेक, हा खर्च कुठल्याच बजेटात दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही.

आषाढात लोणंद-तरडगाव पट्ट्यात पालखीच्या वाटेवर आमचं काम असतं, सेवेचे मंडप, चांदोबाच्या लिंबाच्या उभ्या रिंगणापर्यंत. तिथं मी खुर्च्या नेतच नाही, लागतच नाहीत. सत्तरीची माणसं रस्त्याच्या कडेला धपकन बसतात, भाकरी सोडतात, खातात, दिंडी हलली की पटकन उठून टाळ घेतात, वाटेत फुगडी, पावल्या, रात्री तंबूत जमिनीवर. ती सगळी निरोगी असतात असं नाही, कितीतरी जणींच्या गुडघ्याला क्रेप बँडेज बघितलंय मी. पण दिवसात तीस-चाळीस वेळा खाली-वर होणारं शरीर कसं दिसतं ते बघायचं असलं तर तिथं बघायला मिळतं. आणि त्याच घरातली चाळिशीची माणसं चारचाकीतनं दर्शनाला येतात आणि मला विचारतात, दादा, एखादी खुर्ची आहे का?

मी स्वतः काय केलं म्हणाल तर फार काही नाही. रात्रीचं जेवण खाली. टीव्ही बघताना सोफ्याला पाठ लावून जमिनीवर, दर जाहिरातीला पाय बदलायचे. सकाळी पळायच्या आधी ताणून धरणं बंद केलं, गार अंगानं लांबवर ताणलं की उलट पळण्याची ताकद तेवढ्यापुरती कमी होते म्हणे, त्याच्याऐवजी पाय झुलवणं, खांदे फिरवणं, आणि ताणायचं ते पळून आल्यावर, एका जागी २०-३० सेकंद, झटके न देता. पहिले दोन महिने वाटलं वेळ वाया चाललाय. आता साडेसात मार्क आहेत. डावा गुडघा अजून हात मागतो.

मागच्या सप्ताहवाल्यांचा परवा फोन आला, यंदाची ऑर्डर. खुर्च्या अडीचशे आणि सतरंज्या चार. मी म्हणलं पुढं सगळी बैठकच करू, खुर्च्या कडेनं आणि मागं ठेवू, ज्यांना लागतात त्यांना. अध्यक्ष म्हणाले, बसणार कोण मंडपवाले, लोक तक्रार करतात, खाली बसलं की उठताना चारचौघांत लाज वाटते. लाज हा शब्द त्यांनीच वापरला. ते स्वतः पन्नाशीचे आहेत, मागच्या वर्षी पंगतीत वाढायला होते, बसले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

वहीत लिहून घेतलंय, खुर्च्या २५०, सतरंज्या ४. टेम्पोत तात्या आठ टाकणार आहेत. बिल चाराचंच लावीन.